पापणी मिटते, पाऊल लोंबतं: नसेचा बिघाड नेमका कुठे?

या वेळी निवडलेली पत्रं जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली आहेत. मिरची, निंदणी, फवारणी, साप, साखर असे विषय वरवर पाहता एकमेकांपासून लांबचे. पण प्रत्येक वेळी पहिला प्रश्न एकच पडतो: मज्जातंतूतला संदेश निघाला का, आणि निघाला असेल तर अडला कुठे? जागा सापडली की निदान बरंचसं झालेलं असतं. उत्तरांत औषधांची नावं येतात ती उपचार समजावेत म्हणून. ती मनाने घेऊ नयेत.

शिरपूरचा अकरावीचा विद्यार्थी: नसांमधून वीज वाहते असं पुस्तकात आहे. मग पायाला ठेच लागल्यावर आधी एक कळ येते आणि ठणका थोडा नंतर का सुरू होतो? विजेला उशीर कसा होईल?

प्रश्न चांगला आहे, कारण यातच सगळं आलं. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन तारेच्या लांबीने सरकतात. मज्जातंतूत सोडियम आणि पोटॅशियमचे विद्युतभारित कण तंतूच्या पडद्यातून आत-बाहेर करतात, म्हणजे मुख्य ये-जा आडवी असते. लांबीने पुढे जाते ती ही उघडझाप. शेतात पाचट पेटवलं की जाळ या बांधापासून त्या बांधापर्यंत जातो, पाचट मात्र जागचं हलत नाही. शिवाय जळलेला पट्टा लगेच पुन्हा पेटत नाही, म्हणून जाळ मागे फिरत नाही. मज्जातंतूतही संदेश नुकता जिथून गेला तो भाग एखाद-दोन मिलिसेकंद नव्या संदेशाला दाद देत नाही.

आता आकडे. शांत असताना तंतूच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. हा फरक टिकवायला पडद्यातले पंप सतत चालू असतात: दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. स्पर्श, दाब किंवा उष्णतेमुळे हा फरक साधारण ५५ मिलिव्होल्टपर्यंत उतरला की सोडियमची दारं धाडकन उघडतात. सोडियम आत घुसतो आणि आतली बाजू क्षणभर ३० ते ४० मिलिव्होल्ट धन होते. मिलिसेकंदाच्या आसपास ती दारं आपोआप बंद होतात, पोटॅशियम बाहेर पडतो, स्थिती पूर्ववत होते. शेजारच्या भागातली दारं तोवर उघडलेली असतात. ५५ गाठले नाहीत तर काहीच होत नाही आणि गाठले तर पूर्ण संदेश जातो, अर्धा संदेश असा प्रकारच नाही. जोराची ठेच आणि हलका स्पर्श यांत फरक पडतो तो दर सेकंदाला किती संदेश जातात आणि किती तंतूंतून जातात, यामुळे.

उशिराचं कारण तंतूंच्या जातीत आहे. काही तंतूंभोवती चरबीयुक्त मायलिनचं वेष्टन असतं आणि त्यात ठरावीक अंतराने, साधारण मिलिमीटरभरावर, उघड्या फटी असतात. संदेश या फटीवरून त्या फटीवर उड्या मारत जातो. जाड, वेष्टन असलेल्या तंतूंत वेग सेकंदाला ७० ते १२० मीटर असतो. टोचल्याची तीक्ष्ण कळ आणणारे तंतू पातळ वेष्टनाचे, त्यांचा वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर. ठणका आणि जळजळ आणणाऱ्या बारीक तंतूंना वेष्टनच नसतं. ते सेकंदाला अर्धा ते दोन मीटर एवढंच चालतात. अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत मीटरभर अंतर धरा. कळ लगेच कळते, ठणका सेकंदभराने पोचतो. १८५० साली जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्त्झ यांनी बेडकाच्या नसेवर हा वेग मोजला तेव्हा तो सेकंदाला तीस मीटरच्या आतच भरला. त्याआधी संदेशाचा वेग मोजताच येणार नाही असं भलेभले समजत होते.

जाता जाता एक गोष्ट: पायाच्या अंगठ्याचा स्पर्श मेंदूच्या तळापर्यंत नेणारी पेशी एकच असते. उंच माणसात या एका पेशीची लांबी दीड मीटरपर्यंत भरते. ही लांबी लक्षात ठेव, शेवटच्या पत्रात तिचं काम आहे.

नंदुरबारहून, मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्या वाचक भगिनी: दिवसभर मिरचीचे देठ खुडले की रात्री हातांची आग होते. कितीही धुतले तरी जात नाही, उलट गरम पाण्याने वाढते. हाताला तर काही भाजल्याची खूण नसते.

खूण नसते कारण काही भाजलेलंच नसतं. कातडीतल्या बारीक मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारं एक दार असतं. ते एरवी ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतं आणि ‘चटका बसतोय’ असा संदेश धाडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं याच दाराला चिकटतं आणि ते थंड हातावरही उघडतं. मेंदूकडे जाणारा संदेश खऱ्या चटक्याचाच असतो, त्यामुळे मेंदूला फरक कळायचा मार्ग नाही. हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधलं आणि त्यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक मिळालं. कॅप्सेसिन चिकटलेलं असताना हे दार ४३ अंशांची वाटही पाहत नाही, साध्या कोमट पाण्यालाही उघडतं. गरम पाण्याने आग वाढते ती त्यामुळे.

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून क्रम असा ठेवा. आधी कोरड्या हातांना चमचाभर खाण्याचं तेल चोळा, नखांच्या कडांना आणि बोटांच्या बेचक्यांतही. दोन मिनिटांनी ते कापडाने पुसून काढा, पुसलेलं कापड बाजूला टाका. मग भांड्यांचा साबण लावून थंड पाण्याने धुवा. गरज वाटली तर सगळं पुन्हा एकदा. पहिल्यांदाच पाणी ओतलं तर कॅप्सेसिन निघत नाही, फक्त हातभर पसरतं. आग फारच असेल तर गार पाण्यात हात ठेवा: औषध म्हणून नव्हे, दार थंड पडून संदेश कमी होतात म्हणून. सुती हातमोजे भुकटी शोषून घेतात आणि दिवसभर कातडीला लावून ठेवतात, त्यापेक्षा नायट्राइलचे (रबरासारखे, पाणी न शोषणारे) बरे. डोळ्यात गेलं तर तेल बिलकुल नको. वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवायचा, चोळायचा नाही.

पथारीवर बसल्या बसल्या लागणारा ठसकाही याच दाराचा. श्वासमार्गातल्या तंतूंवरही ते असतं. आणि जुन्या बायकांना आग कमी लागते ती केवळ सवय नव्हे. दार वारंवार उघडून तंतूत कॅल्शियम इतकं शिरतं की ते टोक काही काळ मुकं होतं. याच गुणावर कॅप्सेसिनची वेदनाशामक मलमं आणि पट्ट्या निघाल्या आहेत.

पारोळा तालुक्यातून: भुईमुगाच्या निंदणीला आठवडाभर उकिडवं बसून काम केलं. आता उजवं पाऊल वर उचलत नाही, चालताना चप्पल निसटते, पावलाच्या वरच्या बाजूला बधिर वाटतं. कमरेची नस दबली म्हणून एमआरआय काढायला सांगितलंय. खर्च मोठा आहे.

एमआरआयच्या आधी एक तपासणी फुकटात होते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, बोटाला एक हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या खालच्या निमुळत्या भागाभोवती वळसा घालून पाऊल वर उचलणारी नस जाते. तिथे कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांसाची गादी जवळजवळ नसतेच. तासन्‌तास उकिडवं बसलं की ती तिथे चेपते. बारीक अंगकाठीच्या किंवा झपाट्याने वजन उतरलेल्या माणसांत जास्तच.

आता पायरीवर बसून पाऊल सैल सोडा आणि तळवा आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाकडे वळवा. हे जोर लावून जमत असेल, पण पाऊल वर उचलणं आणि बाहेर वळवणं जमत नसेल, तर बिघाड बहुधा गुडघ्यापाशी आहे. आत वळवणंही जमत नसेल आणि कमरेतून पायात कळ उतरत असेल तर कमरेकडे पाहायला हवं. कारण आत वळवणारा मुख्य स्नायू दुसऱ्या नसेवर चालतो, पण दोन्ही नसांचे धागे निघतात कमरेतल्या एकाच मुळातून. ही तपासणी डॉक्टरांसमोर करा आणि मग एमआरआयचं ठरवा. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

पुढे किती दिवस लागतील हे नसेला कितपत मार बसला त्यावर आहे. एरवी मांडी घातल्यावर पाय झोपतो तेव्हा दाबाने नसेचा रक्तपुरवठा तात्पुरता कमी पडलेला असतो. उठल्यावर तो सुरू होतो, तंतू काही काळ मनाने संदेश सोडत राहतात, त्याच मुंग्या. तुमच्या बाबतीत त्यापुढची पायरी दिसते. नुसतं मायलिनचं वेष्टन दुखावलं असेल तर काही आठवडे ते दोन-तीन महिन्यांत पाऊल उचलू लागतं. आतला तंतू तुटला असेल तर तो तुटल्या जागेपासून दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला तीन सेंटिमीटर. गुडघ्यापासून पावलापर्यंतचं अंतर मोजा आणि हिशेब करा. या दोन्हींतला फरक नसेच्या वेगाच्या तपासणीत कळतो, पण ती पहिल्या आठवड्यात केली तर फसवते. तुटलेल्या तंतूचा खालचा भाग पूर्ण निकामी व्हायला वेळ लागतो, म्हणून साधारण तीन आठवड्यांनी करावी.

तोवर पाऊल लोंबतं राहू नये म्हणून घोट्याचा आधारपट्टा वापरा, नाहीतर मागची शीर आखडते. निंदणीला वितभर उंचीचा पाट घ्या, पंधरा-वीस मिनिटांनी उभे राहा. पायावर पाय टाकून बसणं बंद.

चोपडा तालुक्यातला कापूस उत्पादक: फवारणीहून आल्यावर आमच्या सालदाराच्या तोंडाला सारखं पाणी सुटत होतं, अंधुक दिसत होतं, उलट्या झाल्या आणि मांडीचं मांस आपोआप फडफडत होतं. गावात म्हणाले ऊन लागलं, कांदा हुंगवा. औषध प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के असं एकत्र होतं. नेमकं काय झालं?

ऊन लागलेल्याचं तोंड कोरडं पडतं. तोंडाला पाणी, डोळ्यांना पाणी, घाम, उलटी, पोटात मुरडा आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील तर ती फवारणीची विषबाधा समजायची आणि कांदा शोधत बसायचं नाही. भर उन्हातही ज्याच्या तोंडातून लाळ गळते त्याला ऊन लागलेलं नाही.

बिघाड कुठे, ते पाहू. मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो, मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते, म्हणजे मिलिमीटरचा वीस हजारावा भाग. विजेचा संदेश या फटीपाशी संपतो. तिथे कॅल्शियम आत शिरतं आणि तंतूच्या टोकातल्या पुटकुळ्या फुटून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन फटीत पडतं. ते पलीकडच्या स्नायूवर चिकटलं की स्नायू आकसतो. काम झालं की फटीत बसलेलं एक विकर (एन्झाइम), अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज, ते रसायन मिलिसेकंदभरात तोडून टाकतं. एक संदेश, एक आकुंचन, पाटी पुन्हा कोरी. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची औषधं याच विकराला घट्ट चिकटतात. मग रसायन तुटत नाही, साचत जातं. लाळेच्या, घामाच्या, अश्रूंच्या ग्रंथींना, आतड्याला आणि श्वासनलिकांनाही हेच रसायन आदेश देतं, म्हणून सगळं एकदम वाहू लागतं. स्नायू आधी फडफडतात आणि सारखा आदेश मिळून मिळून शेवटी लुळे पडतात. माणूस दगावतो तो श्वासनलिका पाण्याने भरून आणि श्वासाचे स्नायू थकून.

कीटकातही हे औषध असंच विकर रोखून मारतं. 

तुमच्या मिश्रणातलं सायपरमेथ्रिन मात्र दुसऱ्या जागी काम करतं. पहिल्या पत्रात सोडियमची जी दारं आली ती ते वेळेवर बंद होऊ देत नाही. फवारणीनंतर गाल आणि कपाळ चुरचुरतं ते बहुधा याचंच. कातडीवरून निघालं की ती चुरचुर साधारण दिवसभरात जाते. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही, पण लाळ आणि फडफड दिसली की घाबरायचं.

लगेच काय करायचं: माणसाला शेताबाहेर, मोकळ्या हवेत आणा. अंगावरचे सगळे कपडे काढा, अगदी लंगोट आणि करदोटाही. साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा, केस, नखं, काखा आणि बेंबीसकट. ऑर्गॅनोफॉस्फेट कातडीतून आत जातच असतं, म्हणून धुणाऱ्याने हातात प्लास्टिकची पिशवी तरी घालावी. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. मीठपाणी देऊन उलटी करवू नका. दूध, तूप, लिंबू काही देऊ नका, ते श्वासनलिकेत जायची भीती. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली लेबलासकट बरोबर न्या. लेबलावरच्या चौकोनात त्रिकोण असतो: लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. डॉक्टरांना त्रिकोणापेक्षाही घटकाचं नाव हवं असतं. विकराला कायमचं चिकटणारं ऑर्गॅनोफॉस्फेट आणि काही तासांत सुटणारं कार्बामेट जातीचं औषध यांची लक्षणं सारखीच, उपचार पूर्ण सारखे नाहीत.

रुग्णालयात अ‍ॅट्रोपिन दिलं जातं आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा वाढवत नेतात. अ‍ॅट्रोपिन ग्रंथी आणि श्वासनलिका शांत करतं, पण स्नायूंच्या फडफडीवर आणि लुळेपणावर त्याचा उपयोग नाही. चिकटलेलं विष विकरावरून सोडवण्यासाठी प्रॅलिडॉक्सिम असतं. ते उशिरा दिलं तर चिकट पक्की झालेली असते आणि फायदा राहत नाही.

सर्वांत मोठी चूक होते ती दुसऱ्या दिवशी. घाम-लाळ थांबली, पेशंट बोलायला लागला की नातेवाईक घरी न्यायची घाई करतात. पण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक लुळे पडू शकतात. ओळखायची सोपी खूण: उताणं झोपून उशीवरून डोकं उचलायला सांगा. जमत नसेल तर डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलवा.

कपाशी छातीच्या वर गेली की फवारा तोंडावरच येतो, म्हणून तेव्हाची फवारणी पहिल्या महिन्यातल्या फवारणीपेक्षा कितीतरी धोक्याची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तो हंगामही कपाशी अशीच वाढल्यानंतरचा होता. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका, तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकू नका, मिश्रण हाताने ढवळू नका.

अक्कलकुव्याच्या शिक्षिका: पाड्यावर जमिनीवर झोपलेल्या मुलाला रात्री काहीतरी चावलं. जखम दिसेना, दुखेना, म्हणून घरचे निवांत राहिले. पहाटे पोट दुखायला लागलं, मग पापण्या मिटायला लागल्या. आता मूल बरं आहे, पण पापण्याच का? आणि विष भिनलं तरी दुखलं कसं नाही?

वर्णन मण्यारीचं आहे. ती रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की खूण सापडत नाही. तिचं विष कातडीतल्या वेदनेच्या तंतूंना फारसं छेडतच नाही. ते रक्तातून जातं ते थेट वरच्या उत्तरातल्या फटीकडे. फवारणीच्या विषात रसायन साचतं, इथे उलट: रसायन सुटतच नाही, किंवा सुटलं तरी स्नायूवर त्याची जागा विषाने अडवलेली असते. संदेश तंतूच्या टोकापर्यंत नीट येतो आणि फटीपाशी संपतो. पापण्या आणि डोळे हलवणारे स्नायू हा तुटवडा सर्वांत आधी दाखवतात. मग दोन-दोन दिसणं, गिळता न येणं, आवाज बारीक होणं आणि शेवटी श्वास, असा क्रम असतो. स्पर्श आणि शुद्ध शाबूत राहते, कारण मेंदूपर्यंत विष पोचत नाही. हे पाड्यावर सगळ्यांना सांगण्यासारखं आहे: डोळे न उघडणारा, बोट न हलवणारा असा रुग्ण सगळं ऐकत असू शकतो. मेला म्हणून उपचार थांबवू नयेत.

मण्यारीचं विष तंतूचं टोकच आतून पोखरतं. प्रतिसर्पविष रक्तातलं विष निकामी करतं, टोकात आधीच शिरलेल्या विषाला ते पोचत नाही. म्हणून चाव्यानंतर लवकर दिलं तर उपयोग मोठा, आणि उशीर झाला तर टोकं पुन्हा उगवेपर्यंत काही दिवस श्वासाच्या यंत्रावर काढावे लागतात. नागाच्या चाव्यात फटीच्या पलीकडची, स्नायूवरची जागा अडलेली असते. तिथे निओस्टिग्मिन कामी येतं. ते करतं काय? फवारणीच्या औषधासारखंच तेच विकर रोखतं, मोजून आणि तात्पुरतं, म्हणजे रसायन साचून अडलेल्या जागा झगडून मिळवतं. शेतातलं विष आणि रुग्णालयातलं औषध एकाच विकरावर बसतात.

आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, त्यामुळे साप मारून नेण्याची गरज नाही. दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यासारखा फळीला बांधून स्थिर ठेवा आणि निघा. वाटेत एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावा. दर दहा मिनिटांनी आकडा कमी होत गेला तर श्वासाचे स्नायू थकत आहेत, हे पोचल्या पोचल्या डॉक्टरांना सांगा. आणि पावसाळ्यात झोपायला खाट आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. मण्यारीवर याहून स्वस्त उपाय नाही.

चाळीसगावहून: एसटीत खिडकीशी बसून आल्यावर सकाळी तोंड वाकडं झालं. लोक म्हणतात वारं गेलं. लकवा आहे का?

आरशासमोर दोन्ही भुवया वर करा. तोंडाची जी बाजू हलत नाही त्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नसतील आणि तो डोळाही पूर्ण मिटत नसेल तर बिघाड चेहऱ्याच्या सातव्या नसेत असण्याची शक्यता जास्त. ही नस कवटीतल्या अरुंद हाडी नळीतून जाते, सूज आली की तिथेच चेपते. खिडकीच्या वाऱ्याचा यात काही हात नाही. आठ्या पडतात आणि फक्त तोंड वाकडं आहे, असं असेल तर बिघाड मेंदूत असू शकतो, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आदेश येतात आणि एक बाजू बंद पडली तरी दुसरी काम करते. पण आरशावर विसंबून घरी बसू नका. हात लुळा, बोलणं अडखळतं किंवा तोल जातो असं काही सोबत असेल तर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता येतं का ते बघावं लागतं, तेव्हा सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. सातव्या नसेचा त्रास असेल तर स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर फायदा. उघड्या राहणाऱ्या डोळ्यात दिवसा थेंब, रात्री मलम लावून पापणीवर चिकटपट्टी. डोळा कोरडा पडून बुबुळाला इजा झाली तर ते नुकसान तोंड सरळ झालं तरी राहतं.

जळगावच्या वाचक भगिनी: मिस्टरांना बारा वर्षांपासून शुगर आहे. रात्री तळव्यांची आग होते, दिवसा म्हणतात कापसावर चालल्यासारखं वाटतं. नसांची तपासणी नॉर्मल आली. दर महिन्याला नसांचं इंजेक्शन चालू आहे. पायापासूनच का सुरुवात होते?

दीड मीटरची पेशी आठवा. तिचं मुख्य शरीर कमरेपाशी, कण्याच्या बाजूला असतं. अंगठ्याच्या टोकाला लागणारं सगळं सामान तिथे तयार होऊन तंतूच्या आतून पुढे जातं, वेगवान माल दिवसाला जेमतेम ४० सेंटिमीटर. वाढलेली साखर तंतूला आतून त्रास देते आणि नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही खराब करते. सर्वांत लांब तंतू सर्वांत आधी मान टाकतात. म्हणून बोटं, मग तळवा, मग घोटा, दोन्ही पायांत सारखंच. बधिरपणा गुडघ्याच्या आसपास चढला की साधारण त्याच सुमारास हाताची बोटं सुरू होतात, कारण तिथले तंतू तेवढेच लांब. एकाच पायात किंवा अचानक आलं तर ते साखरेचं धरून बसू नका.

आग आणि कापूस या दोन वेगळ्या तंतूंच्या तक्रारी आहेत. आग बारीक, वेष्टन नसलेल्या तंतूंची, आणि नसांच्या वेगाची नेहमीची तपासणी फक्त जाड तंतू मोजते. त्यामुळे आग असताना अहवाल नॉर्मल येणं यात नवल नाही. कापसावर चालणं हे जाड तंतूंचं लक्षण. ते दवाखान्यात १२८ हर्ट्‌झचा कंपनकाटा (ठोकला की थरथरणारा धातूचा काटा) अंगठ्याच्या हाडावर ठेवून आणि १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून बघतात. धागा वाकेपर्यंत दाबला तरी कळला नाही तर त्या पायाचं संरक्षण गेलं समजायचं. ही दोन मिनिटांची तपासणी वर्षातून एकदा मागून घ्या.

इंजेक्शनबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: ते बहुधा बी-१२ असतं आणि कमतरता असेल तरच त्याने नसेला फायदा होतो. पण मेटफॉर्मिन (शुगरची नेहमीची गोळी) बरीच वर्षं चालू असेल आणि घरात शाकाहार असेल तर बी-१२ खरोखरच कमी असण्याची शक्यता बरीच आहे. मायलिन घडायला ते लागतं. त्याची रक्ततपासणी करा, पण पुढचं इंजेक्शन घेण्याआधी. नंतर केली तर आकडा फुगलेला येतो. रात्रीच्या आगीवर प्रीगॅबॅलिन, ड्युलोक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन अशी औषधं आहेत. ती संदेश मंद करतात, तंतू दुरुस्त करत नाहीत; आग थांबली म्हणून साखरेकडे दुर्लक्ष करू नका. उलट, बरीच वर्षं चढलेली साखर दोन-तीन महिन्यांत एकदम खाली आणली तर काहींची आग काही काळ वाढते, तेव्हा उतारही डॉक्टरांशी बोलून बेताने.

बधिर पायाला आपल्याकडचा मे महिना फार वाईट. गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालायला, देवळाच्या फरशीवर, अनवाणी पाऊल टाकलं तर फोड येतो आणि कळत नाही. चप्पल मागे पट्टा असलेली घ्या, नाहीतर निसटलेलीही समजत नाही. घालण्याआधी उलटी करून झटका: खडा, काटा, विंचू. आंघोळीचं पाणी पायाने नव्हे, कोपराने तपासा. तळव्यांना गरम पाण्याचा शेक, विटेचा शेक, काहीही नको. कुरूप ब्लेडने कापू नका. रोज रात्री तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. लाली, फोड किंवा ओल दिसली तर दुखत नाही म्हणून थांबू नका. न दुखणं हाच इथे आजार आहे, दुसऱ्याच दिवशी दाखवा.